जन्मतःच आलेला दात सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, आणि तो तसा का दिसतो

चोपडा तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांची मुलगी खालच्या जबड्यात समोरचे दोन दात घेऊनच जन्मली. त्यातला एक फार हलत होता, तो सोळाव्या दिवशी काढला. दुसरा बऱ्यापैकी घट्ट, म्हणून ठेवला. काढलेला दात तपासणीला दिला आणि चार ओळींचा अहवाल आला: इनॅमल पातळ व अर्धवट खनिजीकरण झालेले, मानेकडील डेंटीन अनियमित, त्यात पेशी अडकलेल्या, सिमेंटम आढळले नाही, पल्प रुंद, रक्तवाहिन्या फुगलेल्या. (इनॅमल म्हणजे दातावरचं कठीण कवच, डेंटीन त्याच्या आतला मुख्य भाग, सिमेंटम मुळावरचा थर, पल्प म्हणजे गाभ्यातला मऊ भाग, आणि मान म्हणजे दाताचा हिरडीलगतचा भाग.) हे वाचून घर धास्तावलं. मुलीचे सगळेच दात असे निघणार का, आईला गरोदरपणात कॅल्शियम कमी पडलं का, कपाशीवरच्या फवारणीचा काही संबंध आहे का, काढलेला दात पुन्हा येईल का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. पाचवा आजीचा आहे, आणि तो त्यांनी शेवटी, जरा संकोचून, जसाच्या तसा लिहिला आहे: "पोर दात लिसन उनी, मामाले जड जाई का?" म्हणजे, पोर दात घेऊन आली, मामाला जड जाईल का?

मी जळगावात सव्वीस वर्षं मुखरोगांचं निदान करते. जन्मदात तपासणीला क्वचितच येतात. सर्वसाधारणपणे दर 2000 ते 3000 बाळांमागे एखादं दात घेऊन जन्मतं, त्यातलेही पुष्कळ दात काढावे लागत नाहीत, आणि काढलेले बहुतेक प्रयोगशाळेपर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे ज्या डॉक्टरांनी तुमच्या मुलीचा दात नीट बाटलीत घालून पाठवला, त्यांचे मी आधी आभार मानते.

अहवालातल्या चारही ओळींचा अर्थ एकच आहे. हा दात आजारी नाही, अर्धा राहिलेला आहे. ज्या दिवशी तो हिरडीतून बाहेर आला त्या दिवशी त्याचं बांधकाम जिथवर आलं होतं, तिथेच बहुतेक थांबलं. वेळापत्रक लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

खालचा मधला दुधाचा दात आईच्या पोटात साधारण चौदाव्या आठवड्याच्या सुमारास कठीण व्हायला लागतो. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या वरच्या भागाचा, म्हणजे क्राउनचा, सुमारे तीन-पंचमांश भाग बनलेला असतो. इनॅमलचं काम अडीच महिन्यांच्या आसपास पुरं होतं. दात दिसायला लागतो सहा ते दहा महिन्यांत, आणि मूळ पूर्ण व्हायला दीड वर्ष लागतं. आता हाच दात जन्माच्या वेळीच तोंडात हजर झाला, तर त्याच्यापाशी काय असेल? अर्धामुर्धा क्राउन, मूळ नाहीच, आणि वर पातळ, कोवळं इनॅमल. अहवालात नेमकं हेच लिहिलं आहे, फक्त आमच्या भाषेत.

अशा दातांपैकी सुमारे 85 टक्के खालच्या जबड्यातले मधलेच असतात. त्यानंतर वरचे समोरचे. सुळे आणि दाढा फारच कमी. जन्माच्या वेळी असलेला तो नेटल आणि पहिल्या तीस दिवसांत उगवलेला तो निओनेटल, अशी त्यांची दोन नावं मॅसलर आणि सवारा यांनी 1950 साली रूढ केली. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघांची जातकुळी एकच. तीन आठवड्यांनी आलेल्या दाताचं काम थोडं पुढे सरकलेलं असतं, इतकाच फरक.

आता इनॅमलबद्दल. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण लोकांचा सगळा घोळ या पहिल्या ओळीतच होतो.

तापीकाठच्या वीटभट्ट्या तुम्ही पाहिल्या असतीलच. तिथे दोन कामं वेगवेगळी असतात. आधी माती कालवून विटा थापायच्या, मग भट्टी रचून त्या भाजायच्या. इनॅमलही असंच दोन टप्प्यांत होतं. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी आधी एक मऊ थर टाकत जातात. त्यात मुख्यतः अमेलोजेनिन नावाचं प्रथिन असतं आणि खनिजाचे बारीक, सुईसारखे स्फटिक. हे झालं थापणं. थराची जाडी पुरी झाली की त्याच पेशी आपलं काम बदलतात. त्या प्रथिन तोडून बाहेर काढतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत स्फटिकांना जाड होऊ देतात. ही झाली भाजणी. पूर्ण पिकलेल्या इनॅमलमध्ये वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ तोच. पण या पेशी दाताच्या बाहेरच्या अंगाला चिकटून असतात. दात हिरडी फोडून तोंडात आला की त्या तिथून नाहीशा होतात, आणि एकदा गेल्या की परत येत नाहीत.

म्हणून तुमच्या अहवालात दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्ही वेगळे वाचायला हवेत. 'पातळ' म्हणजे थापलेल्या विटाच कमी. 'अर्धवट खनिजीकरण' म्हणजे ज्या थापल्या त्याही पुरत्या भाजल्या गेल्या नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या जन्मदातांत इनॅमलची जाडी सुमारे 280 मायक्रॉन भरली आहे, म्हणजे माणसाचे तीन-चार केस शेजारी ठेवावेत एवढी. पूर्ण वाढलेल्या दुधाच्या दातावर ती जाडीच्या ठिकाणी मिलिमीटरच्या घरात जाते. दाताच्या धारेवर तर कधीकधी इनॅमल उरलेलंच नसतं. कोवळा थर दूध पिताना झिजतो, टवका उडतो.

मला या दातांत सगळ्यात जास्त काय आवडतं ते सांगते. इनॅमलच्या विटा, ज्यांना आम्ही प्रिझम म्हणतो, त्यांची ठेवण बहुतेक जन्मदातांत अगदी बरोबर असते. सुमारे पाच मायक्रॉन जाडीचे ते दांडे, एकाला एक लागून, डेंटीनपासून बाहेरच्या दिशेने निघालेले. आनुवंशिक आजारात, जिथे इनॅमल बनवण्याची सूचनाच चुकलेली असते, तिथे ही ठेवण बिघडू शकते. इथे कारागीर कुशल होता, फक्त त्याला वेळ मिळाला नाही. चांगला अहवाल लिहिणाऱ्याने हे वाक्य लिहायलाच हवं, कारण आईबापांना जी भीती वाटते तिचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. तुमच्या अहवालात ते नाही. तुम्ही प्रयोगशाळेला फोन करून विचारा. स्लाइड त्यांच्याकडे असेल, पाच मिनिटांचं काम आहे.

त्यात तपासणीच्या पद्धतीचा एक मुद्दा आहे. दात दोन प्रकारे पाहता येतो. एक, न विरघळवता, दगडावर घासून घासून कागदापेक्षा पातळ काप करायचा. याला ग्राउंड सेक्शन म्हणतात, आणि इनॅमल नीट दिसतं ते यातच. पण यात पल्पसारखे मऊ भाग जातात, आणि जन्मदात इतका लहान नि ठिसूळ असतो की घासताना इनॅमलच्या ठिकऱ्या होतात. दुसरा प्रकार म्हणजे सौम्य आम्लात किंवा ईडीटीएमध्ये ठेवून दातातलं खनिज काढून टाकायचं, मग मेणात बसवून काप घ्यायचे आणि रंगवायचे. यात पल्प आणि डेंटीन सुरेख दिसतात. इनॅमल मात्र सर्वसाधारण दातात पूर्ण नाहीसं होतं. 96 टक्के खनिजच होतं, ते गेल्यावर मागे काय राहणार? स्लाइडवर तिथे फक्त पांढरी मोकळी जागा दिसते.

जन्मदातात मात्र ती जागा पूर्ण मोकळी नसते. विशेषतः मानेकडे, जिथे इनॅमल सगळ्यात कोवळं असतं, तिथे जांभळट रंगाची जाळीदार पट्टी शिल्लक दिसते. ते न काढलेलं प्रथिन. भाजणी न झालेली माती. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की एरवी जिथे काही दिसू नये, तिथे जे दिसतं त्याकडे आधी बघा. पल्पबद्दलची ओळ आहे म्हणजे तुमचा दात याच दुसऱ्या पद्धतीने तपासलेला असणार, आणि 'अर्धवट खनिजीकरण' हे बहुधा त्या पट्टीवरूनच लिहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट, अहवालात नाही तरी सांगण्यासारखी. जन्माच्या वेळी जे दात बनत असतात, त्या सगळ्यांवर जन्माची खूण उमटते. पोटातून बाहेर आल्यावर बाळाचं पोषण, श्वास, रक्तातलं कॅल्शियम सगळं एकदम बदलतं, आणि पेशींची लय काही काळ चुकते. ती चूक इनॅमलमध्ये आणि डेंटीनमध्येही एका गडद रेषेच्या रूपात कायमची राहते. रश्टन यांनी 1933 साली आणि शूर यांनी 1936 साली तिचं वर्णन केलं. आपल्या सगळ्यांच्या दुधाच्या दातांत ती होती, आणि पहिल्या कायमच्या दाढेतही अनेकदा असते. सटवाई पाचव्या रात्री कपाळावर लिहून जाते असं आपल्याकडे मानतात. दातावरचं हे लेखन त्याच दिवसांत होतं आणि ते वाचता येतं. रेषेच्या आतलं इनॅमल पोटातलं, बाहेरचं जन्मानंतरचं.

जन्मदातात ही रेषा कुठे असेल? दात दुसऱ्या दिवशी काढला, तर नसेलच. साध्या सूक्ष्मदर्शकात ती दिसायला जन्मानंतर सात ते दहा दिवस जावे लागतात, तिच्या बाहेर नवा थर पडावा लागतो तेव्हा ती रेषा म्हणून ओळखू येते. तुमच्या मुलीचा दात सोळाव्या दिवशी काढला. टोकाकडचा भाग तोंडात उघडा होता, तिथल्या पेशी गेल्या होत्या, तिथे रेषा असायचं कारण नाही. पण हिरडीखाली दडलेल्या मानेपाशी पेशी अजून जिवंत असू शकतात, आणि त्या दिवसाला 3 ते 4 मायक्रॉनच्या आसपास थर टाकतात. म्हणजे सोळा दिवसांत फार तर 50-60 मायक्रॉन. कोणी या दाताचा ग्राउंड सेक्शन केला असता तर फक्त मानेच्या टोकाला रेषेचा बारीकसा तुकडा सापडला असता. मी असा तुकडा एकदाच पाहिला आहे, आणि त्या दिवशी घरी जायला उशीर झाला.

दुसरी ओळ डेंटीनची. डेंटीन म्हणजे इनॅमलच्या आतला, दाताचा मुख्य भाग. तो ओडोंटोब्लास्ट पेशी बनवतात. प्रत्येक पेशी मागे सरकत जाते आणि मागे आपला एक बारीक तंतू सोडते, त्यामुळे डेंटीनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या तयार होतात. जन्मदाताच्या स्लाइडवर धारेकडून सुरुवात केली तर नळ्या सरळ, समांतर, शेजारी शेजारी. काहीच खोट काढता येत नाही. स्लाइड हळूहळू मानेकडे सरकवली की चित्र बदलतं. नळ्या कमी होतात, वाकड्यातिकड्या होतात. खनिजाचे गोळे एकमेकांत मिसळायच्या ऐवजी सुटे राहतात आणि त्यांच्यामध्ये कच्च्या जागा उरतात. काही पेशींना मागे सरकायला जमलेलं नसतं, त्या स्वतःच टाकलेल्या पदार्थात चिणल्या जातात. मग तो भाग डेंटीनपेक्षा हाडासारखा दिसतो, म्हणून त्याला ऑस्टिओडेंटीन म्हणतात. 'पेशी अडकलेल्या' या शब्दांचा अर्थ हा.

वर चांगलं आणि खाली बिघडलेलं, असं का? वरचा भाग बाळ पोटात असताना बनला, हिरडीच्या आत, शांतपणे. मानेकडचा भाग दात बाहेर आल्यावर बनत होता. मूळ नाही, हाडात पकड नाही, फक्त हिरडीचा आधार, आणि बाळ दिवसातून दहा-बारा वेळा दूध पितं. प्रत्येक घोटाला दात हलतो, आणि हलतो तो नेमका ज्या कडेवर काम चालू आहे तिथेच. शिडी हलत असताना गिलावा कसा होणार?

काही वर्षांपूर्वी एका तरुण सहकाऱ्याने अशीच स्लाइड दाखवून विचारलं होतं, मॅडम, हा डेंटीनचा आनुवंशिक आजार तर नाही? घरच्यांना तसं सांगून टाकायच्या बेतात होता. त्या आजाराचं नाव डेंटिनोजेनेसिस इम्पर्फेक्टा. त्यात बाहेरची पातळ कड सोडली तर सगळंच डेंटीन बिघडलेलं असतं, टोकापासून मानेपर्यंत, आणि पल्पची पोकळी बुजत जाते. इथे टोकाचं डेंटीन निर्मळ, आणि पल्प ऐसपैस. दोन्ही गोष्टी उलट. मी त्याला तीच स्लाइड धारेपासून पुन्हा बघायला लावली. तुमच्या अहवालातही 'मानेकडील' हा शब्द आहे आणि 'पल्प रुंद' हेही आहे. त्या दोन शब्दांवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला फार वेळ लागणार नाही. सिमेंटम हा मुळावर बसणारा थर. मूळच नाही तर तो येणार कुठून. मूळ घडवते ती हर्टविगची म्यान, इनॅमलच्या पेशींचीच खाली वाढणारी झालर. दात सतत हलत राहिला की ती झालर विस्कटते. असा दात काढल्यावर खालून पाहिला तर उलटी वाटी दिसते, आणि वाटीतून पल्प लोंबत असतो. रुंद पल्प हे या वयाचं लक्षणच आहे, तो आतून डेंटीन भरत भरत पुढे अरुंद होतो. फुगलेल्या वाहिन्या, थोडा रक्तस्राव, थोड्या दाहाच्या पेशी हे हलण्याचे आणि काढतानाच्या ओढीचे परिणाम. पल्पच्या कडेला पेशींचे ठरावीक पट्टे असतात, ते इथे नसतात. कोवळ्या पल्पमध्ये ते अजून पडलेलेच नसतात.

मूळ नसताना दात वर आला कसा, हा प्रश्न मला विद्यार्थी असताना फार छळायचा. तेव्हा आम्हाला सांगत की मूळ वाढतं आणि दाताला वर ढकलतं. जन्मदात त्या समजुतीला सरळ खोटं ठरवतो. 1980 साली केहिल आणि मार्क्स यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर काम करून दाखवलं की दाताभोवतीची मऊ पिशवी, डेंटल फॉलिकल, हाडातून वाट काढण्यासाठी आवश्यक असते. जन्मदाताचा अंकुर मुळात हिरडीच्या फार जवळ बसलेला असतो, असं आज बहुतेक जण मानतात. वाट थोडी, म्हणून तो लवकर पोचतो.

खाली लोंबणाऱ्या त्या पल्पमुळेच एक व्यवहारातली गोष्ट ठरते. दात काढताना वाटी हातात येते, पण तिच्याखालचा कोवळा ऊतक, डेंटल पॅपिला, कधीकधी खळग्यातच राहतो. त्यातल्या पेशींना दात निघून गेल्याचं कळत नाही. त्या डेंटीन बनवत राहतात, आणि काही महिन्यांनी तिथे दातासारखा वेडावाकडा कठीण खडा वर येतो. घरचे म्हणतात, दात परत आला. म्हणून दात काढल्यावर खळगा हलक्या हाताने खरवडून घ्यायचा असतो. तो घेतला का, हे काढणाऱ्या डॉक्टरांना विचारा. घेतला नसला तरी घाबरू नका, फक्त महिन्यातून एकदा स्वच्छ बोट फिरवून पाहा, कठीण टोक लागलं तर दाखवायला आणा.

सोळाव्या दिवशी काढला हेही योग्य झालं. नवजात बाळात रक्त गोठवणारे घटक पुरेसे नसतात. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात ते त्यासाठीच. ते दिल्याची खात्री नसेल तर दहा दिवस थांबावं असा नियम आहे. मी घरच्यांना सांगते, बारसं होऊ द्या, मग बघू. ते लगेच पटतं.

दात कसा पाठवावा हेही सांगते, हे वाचणाऱ्यांत परिचारिका आणि तरुण डॉक्टर असतील. एका बाळाचा दात माझ्याकडे अकराव्या दिवशी आला, कापसात गुंडाळून काड्यापेटीत. घरच्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता. त्यात चूक काहीच नव्हती, त्यांना कोणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. पण पल्प वाळून गेला होता, इनॅमलला तडे गेले होते, आणि त्या आईला मी अर्धंच उत्तर देऊ शकले. त्याची रुखरुख अजून आहे. दात निघाल्याबरोबर 10 टक्के फॉर्मालिनमध्ये घाला, दाताच्या किमान दहापट द्रव असू द्या, आणि वरच्या चिठ्ठीवर बाळाचं वय दिवसांत लिहा. 'नवजात' एवढंच लिहू नका. चौथा दिवस की पंचविसावा, यावर वाचन बदलतं.

आता आईबद्दल. दोन दातांतले दोष जर आईच्या कॅल्शियममुळे असते, तर ते त्याच महिन्यांत बनत असलेल्या सगळ्या दातांवर उमटले असते, आणि पोटात बनलेल्या भागावर उमटले असते. तुमच्या मुलीच्या दाताचा पोटात बनलेला भागच चांगला आहे. या अहवालात आईच्या खाण्यापिण्याविरुद्ध एक अक्षर नाही. तिला कोणी टोचून बोलत असेल तर हे वाक्य वाचून दाखवा.

फवारणीचा प्रश्न आपल्या भागात येणारच. रसायन आणि जन्मदात यांचा जो संबंध नोंदला गेला आहे तो तैवानमधला आहे. तिथे 1979 साली तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी नावाची औद्योगिक रसायनं मिसळली गेली, आणि ते तेल खाल्लेल्या आयांच्या बाळांत जन्मदात नेहमीपेक्षा बरेच जास्त आढळले. पीसीबी हे पूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं रसायन, कपाशीवर मारायचं औषध नव्हे. तुमच्या अहवालातलं काहीही फवारणीकडे बोट दाखवत नाही. गरोदर बाईने फवारणीच्या शेतापासून लांबच राहावं, पण त्याची कारणं वेगळी आहेत. उलट घरात चौकशी करा, बाळाच्या आत्या, काका, मावशी, आजोबा यांच्यापैकी कोणाचे दात असेच लवकर आले होते का. हे बऱ्याच घरांत वंशाने चालत आलेलं दिसतं.

काही थोड्या बाळांत जन्मदात हे एखाद्या मोठ्या आजाराचं एक लक्षण असतं. एलिस-व्हॅन क्रेव्हेल्डच्या आजारात हाताला सहावं बोट असतं आणि हातपाय आखूड, पॅकिओनिकियामध्ये नखं जाड होतात, काहींत टाळू दुभंगलेली असते. हे स्लाइडवर कळत नाही, बाळाकडे बघून कळतं. बालरोगतज्ज्ञांनी एकदा बोटं, नखं, टाळू आणि हृदय तपासलं आणि सगळं ठीक म्हणाले, की ती शंका सोडून द्या. तसं असेल तर मुलीचे बाकीचे अठरा दात आत्ता हिरडीच्या आत, आपापल्या वेळापत्रकाने, शांतपणे बनत आहेत. ते असे निघायचं कारण नाही.

काढलेला दात परत येईल का? दहातले नऊहून जास्त जन्मदात हे नेहमीच्या दुधाच्या दातांपैकीच असतात, जादा नसतात. म्हणून बहुधा ती जागा सहा-सात वर्षांपर्यंत रिकामी राहील, मग कायमचा दात येईल. त्याचा अंकुर खाली वेगळा आहे, त्याला धक्का लागलेला नाही. खात्री हवी असेल तर मूल थोडं मोठं झाल्यावर एक लहानसा एक्स-रे पुरे.

आजींसाठी. आई, वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, दात घेऊन जन्मलं तर मामाला वाईट, हे मी माझ्या आजीकडूनही ऐकलं आहे. या दाताचा प्रत्येक थर मी तुम्हाला वर उलगडून दाखवला. तो चौदाव्या आठवड्यापासून बनत होता, फक्त उथळ बसल्यामुळे चार पावलं आधी बाहेर आला. मामाला बोलवा, भाचीला मांडीवर घेऊ द्या, आपल्या कानबाई देवीला घरी येऊ द्या.

राहिला तोंडात असलेला दुसरा दात, आणि आता खरं लक्ष त्याच्याकडे हवं. त्याचंही इनॅमल असंच पातळ आणि कोवळं असणार, तो लवकर पिवळा-तपकिरी पडेल. त्याला घासू नका, दूध पाजल्यावर ओल्या मऊ कापडाने टिपा, आणि दंतवैद्यांना फ्लोराइड वार्निशबद्दल विचारा. तो घट्ट राहिला तर हर्टविगची म्यान वाचते, मूळ धरायला लागतं, आणि काही आठवड्यांत बोटाला तो कमी हललेला जाणवतो. उलट जास्त हलायला लागला तर तो घशात जायच्या आत काढावा. रोज एकदा बाळाची जीभ उचलून खालची बाजू पाहा. तिथे दाताच्या धारेने घासून पांढरट जखम होते, तिला रिगा-फेडेचा व्रण म्हणतात, आणि तो झाला की बाळ अंगावर प्यायला नको म्हणतं. व्रण दिसला तर धार गुळगुळीत करून घ्यावी लागेल किंवा तिच्यावर दाताच्या रंगाचा मुलामा द्यावा लागेल, त्यासाठी दात काढायलाच हवा असं नाही. आईच्या स्तनाग्राला इजा होत असेल तर तिने सहन करत बसू नये, त्याच दिवशी दाखवावं.